द रोचेस

न्यू जर्सी राज्यातील पार्क रिज येथील मॅगी (१९५१–२०१७), टेरी (जन्म १९५३) आणि सझी (जन्म १९५६) रोच या सख्ख्या बहिणींचा अमेरिकन लोकगायन समूह. मॅगीचा आवाज स्त्रीगायनात क्वचितच ऐकू येतो इतका खर्जाकडे झुकलेला, टेरीचा उंच टिपेचा आणि सझीचा त्या दोघींच्या मधला. एका घरचे आवाज गोडव्यात विरघळून जावेत अशी अपेक्षा असते. इथे मात्र प्रत्येकीचा काठ वेगळा ऐकू येतो आणि मजा त्यातच आहे. तिघीही गीतकार होत्या.

थोरल्या दोघींनी शिक्षण अर्धवट सोडून १९६०च्या दशकाच्या अखेरीस कार्यक्रम करायला सुरुवात केली. १९७० मध्ये प्रसिद्ध अमेरिकन गायक-गीतकार पॉल सायमन न्यूयॉर्क विद्यापीठात गीतलेखन शिकवत होता. दोघींनी त्याला तिथेच गाठले आणि वर्गात प्रवेश मिळवला. १९७३ च्या त्याच्या अल्बममध्ये त्यांचे साथीचे आवाज आहेत. १९७५ साली कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीने काढलेला ‘सिडक्टिव्ह रीझनिंग’ हा दोघींचा अल्बम चालला नाही, तेव्हा व्यवसायाकडे पाठ फिरवून त्या लुइझियानातील हॅमंड गावी निघून गेल्या. तिथून परतल्यावर धाकटी सझी त्यांना येऊन मिळाली. नाताळात न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर कॅरल (नाताळगीते) गाता गाता आणि ग्रीनिच व्हिलेजमधील क्लबांत या त्रयीचा जम बसला.

१९७९ चा ‘द रोचेस’ हा अल्बम त्यांचे सर्वोत्तम काम. निर्माता होता किंग क्रिम्झन या ब्रिटिश रॉक बँडचा गिटारवादक रॉबर्ट फ्रिप. प्रयोगशील रॉकमधल्या या माणसाने इथे मात्र जवळजवळ काहीच केले नाही, आणि तेच त्याचे मोठेपण. मुख्यतः गिटार आणि तीन गळे, बाकी शोभा फारशी नाही. पहिल्याच गाण्यात बहिणी स्वतःची ओळख करून देतात, पण वय आणि फोन नंबर सांगायला नकार देतात. दुसऱ्या एकात रेस्टॉरंटमधली जुनी नोकरी परत मिळावी म्हणून मालकाची मनधरणी आहे. ‘हॅमंड साँग’मध्ये घरचे लोक मुलीला बजावतात की हॅमंडला गेलीस तर परतीची वाट नाही. हे गाणे मॅगीचे: गेली तीच, आणि घरच्यांची बाजू शब्दांत मांडलीही तिनेच. समीक्षकांनी अल्बम उचलून धरला. खप मात्र बेताचाच राहिला.

१९८२ च्या ‘कीप ऑन डुइंग’साठी फ्रिप पुन्हा आला. त्यात अठराव्या शतकातील संगीतकार हँडेलचा ‘हॅलेलुया’ समूहगानाचा भाग तिघींनी वाद्यांशिवाय गायला आहे. ‘अनदर वर्ल्ड’मध्ये (१९८५) कंपन्यांना हव्या असलेल्या गुळगुळीत, सिंथेसायझरयुक्त ध्वनीची वाट धरली गेली आणि आवाजांमधली मोकळी जागा भरून गेली. ‘वी थ्री किंग्ज’ (१९९०) या नाताळगीतांच्या अल्बममध्ये त्या पुन्हा रस्त्यावरच्या दिवसांकडे वळल्या. ‘कॅन वी गो होम नाऊ’वर (१९९५) वडिलांच्या आजारपणाची आणि मृत्यूची छाया आहे.

१९९७ मध्ये त्रयी थांबली. मॅगी आणि सझीने लोकांनी दिलेल्या प्रार्थनांना चाली लावून ‘झीरो चर्च’ (२००२) हा अल्बम केला. पुन्हा एकत्र येऊन तिघींनी केलेला अखेरचा नवा अल्बम ‘मूनस्वेप्ट’ (२००७). मॅगीचे २१ जानेवारी २०१७ रोजी कर्करोगाने निधन झाले. सझी आता मुलगी ल्यूसी वेनराइट रोचसोबतही गाते.