नम्र पुढारी आणि भिडस्त पुढारी

मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, कमिटीसाठी नावं सुचवायची वेळ आली की हमखास ऐकू येतं, "त्यांना घ्या, फार नम्र आहेत, कधी कुणाला दुखवत नाहीत." पण कुणाला न दुखवणारा माणूस पुष्कळदा नुसता भिडस्त असतो. वरून ओळखू येत नाही. दोघांचाही आवाज खालचा, दोघंही म्हणणार, "मी कोण सांगणारा?"

बायबलमधल्या मोशेत ही दोन्ही रूपं दिसतात. जळत्या झुडपापाशी देव त्याला फारोकडे, म्हणजे मिसरच्या राजाकडे, पाठवू लागतो तेव्हा तो म्हणतो, मी बोलण्यात जड, दुसऱ्या कुणाला पाठव. ऐकायला किती नम्र! पण निर्गम या पुस्तकाच्या ४थ्या अध्यायात नेमका इथंच देव त्याच्यावर रागावतो. पृथ्वीवरच्या सगळ्या माणसांहून नम्र असं त्याला म्हटलंय ते गणनाच्या १२व्या अध्यायात. तोवर तो फारोसमोर उभा राहिलाय आणि सासरा इथ्रो यानं चूक दाखवली तेव्हा कामाची पद्धतही बदललीय. इस्राएलचा पहिला राजा शौल मात्र राजा म्हणून नाव निघालं तेव्हा सामानसुमानात लपला, आणि पुढे शमुवेल संदेष्ट्यानं जाब विचारला तेव्हा म्हणाला, लोकांना भ्यालो. मला दोन्ही वेळी एकच भीती दिसते.

खरा घोटाळा होतो तो देवाचं मार्गदर्शन मागताना. आमच्या इथं मुंबईत मंडळीचं छत गळत होतं. मार्चच्या बैठकीत तीन कोटेशनं समोर होती. सर्वांत स्वस्त होतं ते कमिटीतल्याच एका भावांच्या मेहुण्याचं, आणि त्याचं काम कच्चं हे सगळ्यांना ठाऊक. पण तोंडावर नाही कोण म्हणणार? "प्रार्थनेत ठेवू" म्हणून बैठक उठली. एप्रिलमध्ये तेच. जूनच्या दुसऱ्या रविवारी पेटीवर निळी ताडपत्री धरून आम्ही गीतं म्हटली. मीही त्या कमिटीत होतो. उत्तर माहीत असताना आम्ही प्रार्थनेचा आडोसा घेतला, हे मला आजही बोचतं.

बायबलमधला नहेम्या हा पारसाच्या राजाचा प्यालेबरदार. यरुशलेमेचा तट पडल्याचं कळल्यावर तोही प्रार्थना करत थांबला होता, किसलेव ते निसान या यहुदी महिन्यांत, म्हणजे चारेक महिने. पण राजानं विचारलं तेव्हा मुदत किती, पत्रं कुणाला, लाकूड कुठून, सगळं त्याच्याकडे तयार होतं. यरुशलेमेत गेल्यावर रात्री स्वतः फिरून त्यानं पडका तट पाहिला. ५२ दिवसांत तट उभा राहिला.

आणि मुंबईत १८८९ साली शारदा सदन उघडणाऱ्या पंडिता रमाबाई? इंग्लंडमध्ये ज्या सिस्टरांनी (ख्रिस्ती संन्यासिनींनी) आसरा दिला, त्यांच्याशीही त्या धर्ममतांवरून पत्रांतून वाद घालत. भिडस्त त्यांना कुणीच म्हणणार नाही. पण 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या मिळवलेल्या याच बाईंनी साध्या बायकांना कळावं म्हणून हिब्रू-ग्रीक शिकून सोप्या मराठीत पवित्र शास्त्र उतरवलं. मला नम्रता इथं दिसते.

छताचं काम शेवटी पावसाळ्यानंतर झालं. ते ठरलं त्या बैठकीत पाळक, म्हणजे मंडळीचे धर्मगुरू, आधी म्हणाले, "मार्चमध्येच मी ठरवायला हवं होतं, चूक माझी." मग प्रार्थना केली आणि त्या भावांकडे वळून शांतपणे सांगितलं, "तुमच्या मेहुण्यांना काम देता येणार नाही." ते भाऊ पुढचे दोन रविवार दाराजवळच्या बाकावर बसून, हात न मिळवता निघून गेले. तिसऱ्या रविवारी उपासना संपल्यावर पाळक त्यांच्या घरी चहाला गेले.