डासजाळी

डासजाळी : डास, माश्या व इतर कीटक घरात शिरू नयेत म्हणून दारे-खिडक्यांना बसवलेली बारीक विणीची जाळी. मच्छरदाणी पलंगापुरती आणि हलवता येण्याजोगी असते. डासजाळी घराच्या बांधणीचाच भाग होते.

‘डास’ हा शब्द सं. ‘दंश’वरून आला आहे. ‘मच्छर’चा संबंध सामान्यतः सं. ‘मत्सर’शी जोडतात. ‘-दाणी’च्या मुळाशी फार्सी ‘दान’ म्हणजे पात्र, जसे अत्तरदाणी, पिकदाणी. त्या हिशेबाने मच्छरदाणी म्हणजे डास ठेवण्याची वस्तू ठरते! संस्कृत कोशांतील ‘मशहरी’ (हिंदी ‘मसहरी’) हा शब्द अर्थाने अधिक नेमका आहे, पण मराठीत तो रुळला नाही.

पाली विनयपिटक या बौद्ध भिक्षूंच्या नियमग्रंथाच्या चुल्लवग्ग या भागात डासांनी त्रासलेल्या भिक्षूंना ‘मकसकुटिका’ वापरण्याची मुभा दिलेली आहे. या ग्रंथाचा काळ बहुधा इ. स. पू. चौथ्या-तिसऱ्या शतकांच्या आसपासचा असावा. मात्र त्यातील सर्व मजकूर एकाच काळातला नाही. ऱ्हीस डेव्हिड्स व ओल्डेनबर्ग यांच्या इंग्रजी भाषांतरात ‘डासांचा पडदा’ असा अर्थ घेतला आहे. शब्दशः पाहता ‘कुटिका’ म्हणजे लहानशी झोपडी; तेव्हा चारही बाजूंनी बंद असा कापडी आडोसा हा अर्थ अधिक पटतो. तो विरळ विणीचा होता की घट्ट, हे त्या शब्दावरून ठरत नाही. ग्रीक इतिहासकार हीरॉडोटसने (इ. स. पू. पाचवे शतक) ईजिप्तच्या पाणथळ भागाबद्दल लिहिले आहे, की तेथील लोक दिवसा मासेमारीला वापरलेले जाळे रात्री बिछान्याभोवती लावून झोपतात, डास कापडातून चावतात, जाळ्याच्या मात्र वाटेला जात नाहीत. मासेमारीच्या जाळ्याच्या डोळ्यातून डास सहज जाईल, म्हणून या वर्णनावर शंका घेतली जाते. अगदी लहान मासळीचे बारीक जाळे किंवा त्याच्या अनेक घड्या धरल्यास वर्णन अशक्य राहत नाही. ग्रीकमध्ये डासाला ‘कोनोप्स’ व पडदा लावलेल्या पलंगाला ‘कोनोपेइऑन’ म्हणत. इंग्रजी ‘कॅनोपी’ हा शब्द त्यावरूनच आला.

खिडकीला तारेची जाळी प्रथम कोणी लावली, याविषयी एकमत नाही. अमेरिकेतील कनेटिकट राज्यात चाळण्या बनवणाऱ्या गिल्बर्ट अँड बेनेट या कंपनीला हे श्रेय देण्याचा प्रघात आहे. यादवी युद्धामुळे दक्षिणेकडील बाजार बंद पडला, तेव्हा पडून राहिलेले तारेचे कापड रंगवून १८६१ च्या सुमारास खिडक्यांसाठी विकले, असे सांगतात. परंतु खिडकीच्या तारजाळीच्या अमेरिकन जाहिराती १८२० च्या दशकातही आढळतात. म्हणून कंपनीकडे शोधाचे नव्हे, प्रसाराचे श्रेय जाते, असे म्हणणे योग्य.

तेव्हा जाळी मुख्यतः माश्यांसाठी होती. रॉनल्ड रॉस यांनी १८९७ मध्ये सिकंदराबाद येथे डासाच्या शरीरात हिवतापाच्या परजीवीचा शोध लावल्यावर तिला आरोग्यशास्त्रात स्थान मिळाले. १९०० मध्ये सॅम्बन व लो हे डॉक्टर रोमजवळ ऑस्टिया येथील दलदलीत जाळीबंद झोपडीत हिवतापाचा हंगामभर राहिले. सूर्यास्तापूर्वी आत आणि सूर्योदयानंतरच बाहेर, एवढाच त्यांचा नियम होता. त्यांना हिवताप झाला नाही. त्याच वर्षी इटालियन प्राणिशास्त्रज्ञ ग्रासी यांनी दक्षिण इटलीत रेल्वे कामगारांची घरे जाळीबंद केली. संरक्षित ११२ जणांपैकी पाचांनाच ताप आला, तर असंरक्षित ४१५ पैकी जवळजवळ सर्वांना आला.

जाळीची वीण दर इंचातील घरांवरून सांगतात. प्रचलित १८×१६ विणीत तार सुमारे ०.२८ मिमी. जाडीची असते व एकेक घर साधारण १.१ × १.३ मिमी. भरते. तारेने अडवलेली जागा वजा केली, की खिडकीचा सुमारे दोन-तृतीयांश भाग हवेला मोकळा राहतो. धूळ साचली की तोही घटतो. म्हणून पावसाळ्यापूर्वी जाळी मऊ ब्रश व साबणाच्या पाण्याने धुणे अगत्याचे आहे. डासाला ही वीण पुरते, वाळूमाशीला पुरत नाही; ती डासाहूनही लहान चावणारी माशी असल्याने या घरांतून आत येते. नागपूरजवळील चांदीपुरा गावावरून नाव पडलेला, मेंदूज्वर आणणारा विषाणू (१९६५) वाळूमाश्यांमार्फत पसरतो, त्यामुळे विदर्भात हा फरक निव्वळ तांत्रिक नाही.

प्रत्यक्षात डास विणीतून क्वचितच येतात, ते फटीतून येतात. सरकत्या खिडकीत दोन तावदाने जिथे एकमेकांवर येतात तिथे खालच्या खाचेत पाणी जाण्यासाठी ठेवलेले भोक असते. जाळी नवी असो वा जुनी, ते भोक उघडे असते. चौकटीतली रबरी वादी कोपऱ्यात आक्रसली की जाळीची कड सुटते आणि करंगळी जाईल एवढी वाट होते. कोकणातील कौलारू घरात वळचण उघडी असेल, तर खिडक्यांना जाळी लावून फारसे साधत नाही. पश्चिम आफ्रिकेतील गँबियात झालेल्या चाचणीत (२००९) पूर्ण जाळीबंद घरांत शिरणारे डास ५९ टक्क्यांनी, तर वळचणीतून येणारे डास अडवणारे नुसते जाळीचे छत घातलेल्या घरांत ४७ टक्क्यांनी कमी झाले. वळचणीचे महत्त्व यावरून लक्षात येते.

दिवेलागणीला दारे-खिडक्या लावून कडुनिंबाच्या पाल्याची धुरी करण्याची रीत सर्वपरिचित आहे. डासांची अगरबत्ती १८९० च्या सुमारास जपानमध्ये एइइचिरो उएयामा यांनी आणली. पायरेथ्रम या शेवंतीवर्गीय फुलांची पूड तिचा मुख्य घटक होती. वेटोळ्याचा आकार त्यांच्या पत्नीने सुचवल्याचे सांगितले जाते. ती बंद खोलीत जाळणे मात्र टाळावे. एका वेटोळ्यातून निघणारे सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींच्या धुराइतके भरल्याचे २००३ च्या एका अभ्यासात दिसले. अंगाला लावायच्या मलमांत डाएथिल बेंझामाइड वा डीट हे डासांना दूर ठेवणारे रसायन असते. दिवसा चावणाऱ्या एडिस डासापासून, म्हणजे डेंग्यूपासून, घराबाहेर वाचायचे तर जाळीचा उपयोग नाही, मलमाचा आहे. ध्वनिलहरींनी डास पळवणाऱ्या उपकरणांचा काहीही परिणाम होत नसल्याचे २००७ च्या आढाव्यात स्पष्ट झाले आहे.