जखम छोटी तरी दावा उभा, दुखणं मोठं तरी दावा आडवा

अमेरिकेतल्या कैद्यांच्या दाव्यांत दोन तक्रारी बऱ्याचदा एकाच अर्जात येतात: पहारेकऱ्यांनी मारलं, आणि नंतर उपचार केले नाहीत. शिक्षा झालेल्या कैद्यांसाठी दोन्हींचा आधार एकच, ‘क्रूर आणि असाधारण’ शिक्षेला मनाई करणारी आठवी घटनादुरुस्ती. म्हणून दोन्हींची कसोटीही एकच असेल असं वाटतं. तसं नाही.

आधी मारहाण. 1983 साली लुइझियानातल्या अँगोला तुरुंगात हातापायांत बेड्या असलेल्या एका कैद्याला पहारेकऱ्यांनी ठोसे आणि लाथा घातल्या. देखरेखीला असलेला अधिकारी ‘फार मजा करू नका’ एवढंच म्हणाला. कैद्याचे दात हलले, कवळी तडकली, चेहरा सुजला. आधी 800 डॉलर भरपाई मिळाली, मग अपिलात गेली. बळाचा अतिरेक झाला हे अपील न्यायालयालाही मान्य होतं, पण इजा किरकोळ म्हणे! 1992 मध्ये ‘हडसन विरुद्ध मॅकमिलियन’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 7 विरुद्ध 2 मतांनी हा निकाल फिरवला. शिस्त राखायला हात उचलला की निव्वळ दुखवायला, हा खरा प्रश्न. इजा किती झाली, हा त्यातला फक्त एक पुरावा. अर्थात म्हणून प्रत्येक धक्काबुक्की न्यायालयात टिकते असं नाही.

उपचारांच्या दाव्यात मात्र दुखणं गंभीरच असावं लागतं, आणि तेवढ्यानेही भागत नाही. 1973 मध्ये टेक्सासात ट्रक उतरवताना एका कैद्याच्या अंगावर कापसाची गाठ पडली. तीन महिन्यांत त्याला 17 वेळा तपासलं, पण पाठीचा एक्स-रे काही काढला नाही. ‘एस्टेल विरुद्ध गॅम्बल’च्या 1976 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने नियम घालून दिला: गंभीर दुखण्याकडे जाणूनबुजून केलेलं दुर्लक्ष घटनाबाह्य. आणि त्याच निकालात त्याचा डॉक्टरवरचा दावा नाकारला! एक्स-रे काढायचा की नाही हा डॉक्टरचा निर्णय. तो चुकला तरी फार तर हलगर्जीपणा, त्यासाठी राज्याच्या न्यायालयात जा. पुढे 1994 मध्ये ‘फार्मर विरुद्ध ब्रेनन’ने ‘जाणूनबुजून’चा अर्थ पक्का केला: अधिकाऱ्याला धोका खरोखर ठाऊक हवा, ‘ठाऊक असायला हवा होता’ हे पुरत नाही. म्हणूनच डॉक्टरला भेटण्यासाठी कैद्याने दिलेल्या चिठ्ठ्यांना इथे एवढं मोल. मारहाणीत कॅमेऱ्याचं चित्रण बोलतं, इथे कागद.

कच्च्या कैद्यांचं गणित निराळं. त्यांच्या मारहाणीच्या दाव्यात 2015 पासून पहारेकऱ्याच्या मनात काय होतं ते सिद्ध करावं लागत नाही; वापरलेलं बळ अवाजवी होतं एवढं दाखवलं की पुरे.

एक अडसर मात्र दोघांना समान. 1996 च्या कायद्याप्रमाणे आधी तुरुंगातली तक्रारप्रक्रिया शेवटपर्यंत पार पाडावी लागते, तीही मुदतीत. कॅलिफोर्नियातल्या एका प्रकरणात ही मुदत कामकाजाच्या 15 दिवसांची होती. कैद्याने तक्रार उशिरा केली, आणि 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती प्रक्रिया पूर्ण झाली असं मानायला नकार दिला.