वणवा विझवणारे आणि अस्वलं: दोघांचा सीझन एकच

जंगलाला आग लागली की सगळे प्राणी जीव घेऊन पळतात असं आपल्याला वाटतं, पण अस्वलाच्या बाबतीत ते पूर्ण खरं नाही. १९८८ मध्ये अमेरिकेच्या यलोस्टोन नॅशनल पार्कमध्ये भयानक वणवे लागले, पार्कचा ३६ टक्के भाग आगीच्या तडाख्यात सापडला. तेव्हा तिथल्या ३८ ग्रिझली (उत्तर अमेरिकेतली मोठी तपकिरी) अस्वलांना रेडिओ ट्रान्समीटर लावलेले होते, त्यामुळे कोण कुठे गेलं ते नीट कळलं. २१ अस्वलांच्या इलाख्यात आग पोचली होती, त्यातली १३ आग पुढे सरकल्यावर जळलेल्या भागात शिरली आणि ३ माद्या तर आग चालू असताना तिथेच राहिल्या! धुराने गुदमरून मेलेले एल्क (आपल्या सांबरापेक्षाही मोठं हरीण) तिथे पडलेले होते, म्हणजे अस्वलासाठी आयतं जेवण.

आता हेच आग विझवणाऱ्यांच्या बाजूने बघा. वारा फिरला आणि आग अंगावर यायला लागली तर ते जळून गेलेल्या भागात शिरतात, कारण तिथे पेटायला काही उरलेलं नसतं. म्हणजे त्यांची आसरा घ्यायची जागा आणि अस्वलाची चरायची जागा बरेचदा एकच.

त्यात वेळ पण एकच. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये रॉकी पर्वतात वणवे जोरात असतात आणि तेव्हाच अस्वलं हिवाळ्याच्या झोपेसाठी चरबी साठवत असतात, एखादं मोठं अस्वल दिवसाला २०,००० कॅलरीपर्यंत खातं. इकडे क्रूमधला माणूस रोज ४,००० ते ६,००० कॅलरी जाळतो, २० जणांची टीम, साधारण १४ दिवसांची ड्युटी, सगळा मुक्काम रानात, म्हणजे केवढं खाणं सोबत असेल विचार करा. आणि वास फक्त जेवणाचाच नाही, टूथपेस्ट, सनस्क्रीन, तंबाखू, कचऱ्याची पिशवी हे सगळं अस्वलाला ओढून आणतं. पेट्रोल आणि ऑइलचं पण त्याला आकर्षण असतं, त्यामुळे चेनसॉच्या (झाडं कापायच्या इंजिनाच्या करवतीच्या) पेट्रोलचा कॅन चावून फोडलाय असंही होतं.

म्हणून माझ्या मते इथे बंदुकीपेक्षा शिस्त जास्त महत्त्वाची. जेवणाची जागा आणि तंबू यात साधारण ९० मीटर अंतर, खाणं जमिनीपासून ३ मीटर वर आणि खोडापासून सव्वा मीटर लांब टांगलेलं, नाहीतर अस्वलाला न उघडणाऱ्या पेटीत. या पेट्यांची टेस्ट वेस्ट यलोस्टोन गावात खऱ्या ग्रिझलींकडूनच करून घेतात, आत खाऊ ठेवून पेटी त्यांच्यापुढे टाकतात, तासभर झटापट करून पण उघडली नाही तर पास. १६-१६ तास राबून आलेल्या माणसाला रात्री हे सगळं करायचा कंटाळा येणारच, पण एका माणसाने खिशात चॉकलेट ठेवून झोपणं म्हणजे सगळ्या कॅम्पला धोका आणि अस्वलाला पण, कारण एकदा माणसाचं खाणं मिळालं की ते परत परत येतं आणि शेवटी बरेचदा मारलं जातं.

काही ठिकाणी कॅम्पभोवती बॅटरीवरचं इलेक्ट्रिक कुंपण लावतात. व्होल्टेज हजारोंमध्ये, पण झटका क्षणभराचा, त्यामुळे अस्वल मरत नाही, ओलं नाक तारेला लागलं की दणका बसतो आणि ते मागे फिरतं. अडचण अशी की सर्किट पूर्ण व्हायला करंट जमिनीतून परत जावा लागतो आणि वणव्याच्या दिवसात जमीन ठणठणीत कोरडी. त्यावर उपाय म्हणून एक तार करंटची आणि एक अर्थिंगची अशा आलटून पालटून लावतात, मग दोन्ही तारांना अंग लागलं की झटका बसतोच.

आणि बेअर स्प्रे, म्हणजे अंगावर येणाऱ्या अस्वलाच्या तोंडावर मारायचा फवारा. त्यात आपल्या मिरचीतलंच कॅप्सेसिन असतं, डोळे-नाक-घशातल्या नसांना जळल्यासारखं वाटतं, डोळे मिटतात, श्वास लागतो आणि थोड्या वेळाने सगळं नॉर्मल होतं. टॉम स्मिथ, स्टीफन हेरेरो वगैरे संशोधकांनी अलास्कातल्या १९८५ ते २००६ मधल्या घटना तपासल्या तेव्हा स्प्रेने ९२ टक्के वेळा ग्रिझलीच्या जातीच्या तपकिरी अस्वलाला थांबवलं, आणि समोरासमोर गाठ पडली त्यात स्प्रे जवळ असलेल्या ९८ टक्के लोकांना काही इजा झाली नाही. मात्र तो तंबूवर मारून ठेवायचा नाही, स्मिथ यांनीच बघितलंय की सुकलेल्या स्प्रेच्या वासाने अस्वलं उलट जवळ येतात आणि त्यात लोळतात.

आग विझवणाऱ्यांसाठी यात अजून एक गोष्ट आहे, डबा प्रेशरचा असतो आणि ५० डिग्रीच्या आसपास तापला तर फुटू शकतो, म्हणून आगीच्या धगीपासून लांब ठेवायचा पण बॅगेच्या तळाशी पण नाही, कारण अस्वल ताशी ५५ किलोमीटरने येतं आणि चेन उघडायला वेळ मिळत नाही. बेल्टला किंवा छातीवर लावलेला बरा. फक्त हेलिकॉप्टरमध्ये चढताना तो अंगावरून काढून बंद डब्यात द्यायचा, कारण केबिनमध्ये चुकून उडाला तर पायलटचेच डोळे मिटणार.