ट्रंकिंग की स्टोअर डिलिव्हरी : एकाच लायसन्सवरच्या दोन नोकऱ्या

ब्रिटनमध्ये सुपरमार्केटच्या मालवाहतुकीसाठी लॉरीचालक हवे आहेत, अशी जाहिरात वाचताना बहुतेकांची नजर आधी तासाच्या दरावर आणि मग 'क्लास वन' या शब्दांवर जाते. त्याच जाहिरातीत खाली कुठेतरी 'ट्रंकिंग' किंवा 'स्टोअर डिलिव्हरी' असा उल्लेख असतो आणि तो नजरेतून निसटतो. तो निसटावा हे स्वाभाविकच आहे, कारण दोन्ही कामांना सी प्लस ई (ट्रेलर जोडलेल्या मोठ्या लॉरीचे, म्हणजेच 'क्लास वन') हेच लायसन्स लागते, दोन्ही लॉऱ्या एकाच डेपोच्या फाटकातून बाहेर पडतात, दोन्ही ट्रेलरांवर एकाच सुपरमार्केटचे नाव रंगवलेले असते आणि पुष्कळदा दरही सारखाच असतो. ही नोकरी घ्यावी की नाही याचा विचार करणाऱ्याने मात्र आधी या दोन शब्दांतला फरक समजून घ्यावा आणि दराकडे नंतर वळावे.

ट्रंकिंग म्हणजे एका मोठ्या गोदामातून दुसऱ्या मोठ्या गोदामाकडे भरलेला ट्रेलर नेणे. इंग्लंडच्या मध्यभागी, एम वन आणि एम सिक्स या मोटरवेंच्या परिसरात, डॅव्हेंट्री आणि लटरवर्थसारख्या ठिकाणी प्रचंड गोदामे आहेत, कारण तिथून देशाचा बराचसा भाग एका पाळीत गाठता येतो. तिथला माल रात्रीतून प्रादेशिक गोदामांकडे जातो. (डॅव्हेंट्रीहून स्कॉटलंडकडे जाणारा सुपरमार्केटांचा काही माल तर रेल्वेनेच जातो, ट्रंकिंगचा टप्पा रेल्वेलाही पेलता येतो, दुकानापर्यंतचा शेवटचा टप्पा मात्र लॉरीवाचून होत नाही.) हा शेवटचा टप्पा म्हणजेच स्टोअर डिलिव्हरी. त्यात प्रादेशिक गोदामातून निघून एक, दोन किंवा तीन दुकानांच्या मागच्या दाराशी माल उतरवायचा असतो आणि मालाचे रिकामे, चाकांचे लोखंडी पिंजरे, पुठ्ठा व प्लॅस्टिक भरून परत आणायचे असते.

फरक कुठे आहे हे लॉरीतला टॅकोग्राफ सर्वांत नेमके सांगतो. या यंत्रात चालकाच्या वेळेच्या नोंदीसाठी चार चिन्हे असतात. गाडी चालवत असताना स्टिअरिंगचे चाक, इतर काम करताना एकमेकांवर आडवे ठेवलेले दोन हातोडे, विश्रांतीसाठी पलंग आणि आधीच माहीत असलेल्या प्रतीक्षेसाठी तिरकी रेघ मारलेला चौकोन. ट्रंकिंग करणाऱ्याच्या दहा तासांच्या पाळीत चाकाचे तास सात-आठ असू शकतात. स्टोअरवाल्याच्या तेवढ्याच पाळीत चाकाचे तास तीन-चार, आणि उरलेला बराचसा वेळ हातोड्यांचा. पगारपत्रकावर दोघांच्याही नावापुढे 'चालक' असेच लिहिलेले असले तरी दुसरा माणूस दिवसाचा मोठा भाग चालक नसतो.

महाराष्ट्रातून तिकडे गेलेल्या माणसाची इथे हमखास गफलत होते, असे मला वाटते. आपल्याकडे ट्रकवर ड्रायव्हर असतो, त्याच्या सोबतीला क्लीनर असतो आणि माल उतरवायला बाजार समितीत किंवा गोदामावर माथाडी असतात. माथाडींसाठी महाराष्ट्राने १९६९ साली स्वतंत्र कायदाच केला. म्हणजे चालवणे आणि उतरवणे ही दोन वेगळ्या माणसांची कामे आहेत, हे आपण गृहीत धरून चालतो. ब्रिटनमध्ये स्टोअर डिलिव्हरी करणारा चालक पुष्कळ ठिकाणी एकटाच ड्रायव्हर, क्लीनर आणि माथाडी असतो. मागे बघून लॉरी बेला (माल उतरवायच्या धक्क्याला) लावणारा तोच, पट्टे सोडणारा तोच, टेल-लिफ्ट (लॉरीच्या मागची वर-खाली होणारी फळी) चालवणारा तोच आणि चाकांचे उंच पिंजरे ढकलत दुकानात नेणाराही तोच. आपल्या मनातला 'ड्रायव्हर' ट्रंकिंगच्या अधिक जवळचा आहे. ट्रंकिंगवाला बऱ्याच गोदामांत चाव्या खिडकीत जमा करून प्रतीक्षागृहात बसतो आणि माल गोदामाची माणसे काढतात.

पिंजऱ्यांविषयी थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण या नोकरीचे सारे वजन त्यांच्यातच आहे. सुपरमार्केटचा बराचसा माल लोखंडी जाळीच्या, खाली चार चाके असलेल्या पिंजऱ्यांतून जातो आणि एका साध्या १३.६ मीटर लांबीच्या ट्रेलरमध्ये असे साधारण चाळीस-पंचेचाळीस पिंजरे मावतात. कॉर्नफ्लेक्सचा पिंजरा एका हाताने सरकतो. डबाबंद पदार्थांचा किंवा पेयांच्या बाटल्यांचा पिंजरा काहीशे किलोंचा असतो, आणि चाकांपैकी एक अडकलेले असले की तो आपल्याला हवा तिकडे न जाता त्याला हवा तिकडे जातो. सपाट, झाकलेल्या आणि लॉरीच्या उंचीला जुळणाऱ्या बेवर हे काम सुसह्य आहे. शहराच्या मध्यातल्या जुन्या दुकानात मात्र बे नसतो; उतरत्या आवारात, पावसात, टेल-लिफ्टवर एका वेळी दोन-तीन पिंजरे घेऊन खाली यावे लागते आणि उतारावर सुटलेला पिंजरा धरायला जाऊ नये हा पहिला धडा असतो. मालाबरोबर तापमानाचीही जबाबदारी असते. गोठवलेला माल उणे १८ अंशांच्या आसपास ठेवायचा असतो आणि थंड मालासाठी इंग्लंडमध्ये ८ अंश सेल्सिअस ही कायद्याने कमाल मर्यादा आहे, त्यामुळे दार किती वेळ उघडे राहिले याचा हिशेब मागितला जातो.

वेळेचे नियमही या दोघांना वेगवेगळ्या ठिकाणी अडवतात, आणि ही गोष्ट जाहिरात वाचून मुळीच कळत नाही. चालवण्याच्या नियमांनुसार साडेचार तास चाक फिरवल्यावर ४५ मिनिटांची विश्रांती सक्तीची आहे (ती १५ आणि मग ३० मिनिटे अशी तोडता येते), दिवसाला ९ तास चालवता येते, आठवड्यातून दोनदा १०, आणि लागोपाठच्या दोन आठवड्यांत मिळून ९० तासांच्या वर जाता येत नाही. ट्रंकिंगवाला या भिंतीला रोज टेकतो. लॉरीचा वेग ताशी ५६ मैलांवर यंत्रानेच रोखलेला असल्यामुळे साडेचार तासांत तो फार तर अडीचशे मैल जातो. मिडलंड्समधून, म्हणजे मध्य इंग्लंडातून, उत्तरेकडे निघालेला चालक स्कॉटलंडच्या सीमेजवळच्या कार्लाईलच्या आसपास थांबणार हे जवळपास ठरलेले असते. म्हणूनच लांबच्या फेऱ्यांत दोन बाजूंनी आलेले चालक वाटेत भेटून ट्रेलरांची अदलाबदल करतात आणि आपापल्या घरी परततात.

स्टोअरवाला ही भिंत क्वचितच पाहतो. त्याला अडवतो तो २००५ साली लागू झालेला रस्ते वाहतुकीच्या कामाच्या वेळेचा नियम, ज्यात चाक आणि हातोडे दोन्ही मोजले जातात. विश्रांतीशिवाय सलग ६ तासांहून अधिक काम करता येत नाही. एकूण काम ६ ते ९ तासांचे असेल तर निदान ३० मिनिटे आणि त्याहून जास्त असेल तर ४५ मिनिटे विश्रांती घ्यावी लागते. आठवड्याची कमाल मर्यादा ६० तासांची, आणि सरासरी ४८ तासांच्या आत राहिली पाहिजे. ट्रंकिंगवाल्याची प्रतीक्षा, ती किती वेळाची हे आधी ठाऊक असेल तर, या ४८ तासांत धरली जात नाही. स्टोअरवाला मात्र त्या वेळात पिंजरे ओढत असतो, त्यामुळे त्याचे ४८ तास लवकर भरतात. ओव्हरटाइमच्या भरवशावर घराचा हप्ता ठरवणाऱ्याने हा हिशेब आधी मांडून पाहावा.

रात्रीचा मुद्दा याउलट ट्रंकिंगच्या विरुद्ध जातो. मध्यरात्र ते पहाटे चार या वेळेत थोडेही काम झाले तर त्या २४ तासांत एकूण काम १० तासांपुरते मर्यादित होते, कर्मचाऱ्यांशी तसा करार झालेला असल्यासच ती मर्यादा सैल होते. पण नियमापेक्षा झोप मोठी. ट्रंकिंग बहुतांशी रात्रीचे काम आहे आणि पहाटे तीन-चारला, गाडी उबदार आणि रस्ता सरळ असताना, मोटरवेवर जागे राहणे हे कौशल्य शिकवून येत नाही. स्टोअरवाला पहाटे निघाला तरी दर पाऊण तासाने उतरतो, घामाघूम होतो, दुकानातल्या कोणाशी तरी दोन शब्द बोलतो. एकांत सोसत नाही अशा माणसाला मी स्टोअरच सुचवेन, कंबर शाबूत असेल तर.

चालवण्याची अवघड बाजूही स्टोअरकडेच आहे, आणि नवशिक्याला हे उलटे वाटते. शेकडो मैलांचा प्रवास म्हणजे कठीण आणि बारा मैलांवरचे दुकान म्हणजे सोपे, अशी समजूत असते. प्रत्यक्षात साडेसोळा मीटर लांबीची आर्टिक (पुढचे इंजिन आणि मागचा ट्रेलर सांध्याने जोडलेली) लॉरी मोटरवेवर चालवणे हा तिचा सर्वांत सोपा उपयोग आहे. तीच लॉरी दुतर्फा गाड्या लावलेल्या निवासी रस्त्यातून नेणे, आंधळ्या, म्हणजे चालकाला नीट न दिसणाऱ्या, बाजूने मागे घेणे, शेजाऱ्यांची तक्रार येऊ नये म्हणून ठरलेल्या वेळेआधी दुकानात न शिरणे आणि ठरलेली वेळ चुकवूही न देणे, यात खरी परीक्षा आहे. दुमजली ट्रेलर असेल तर उंचीची काळजी वाढते: ब्रिटनमध्ये साधारणपणे १६ फूट ६ इंचांपेक्षा कमी उंचीच्या पुलांवर तशी पाटी असते, पण पाटी वाचून थांबल्यावर मागे मोटारींची रांग लागलेली असताना लॉरी मागे घ्यायची कुठे, हे पाटी सांगत नाही. लंडनमध्ये आणखी दोन गोष्टी येतात. १८ टनांवरील लॉऱ्यांना रात्री आणि शनिवार-रविवारी ठरलेल्या मार्गांनीच जावे लागते, आणि १२ टनांवरील लॉऱ्यांना चालकाला खिडकीतून किती दिसते यावर आधारित परवाना लागतो. त्याची किमान पातळी ऑक्टोबर २०२४ पासून तीन ताऱ्यांवर नेली आहे.

पैशाबद्दल थोडक्यात. ट्रेलरवर सुपरमार्केटचे नाव असले तरी पगार देणारे तीन वेगवेगळे असू शकतात: स्वतः सुपरमार्केट, तिने नेमलेली वाहतूक कंपनी किंवा एजन्सी. वाहतूक कंपनीचे कंत्राट दुसऱ्या कंपनीकडे गेले तर २००६च्या नियमांमुळे सहसा चालकाची नोकरी जुन्या अटींसह नव्या कंपनीकडे जाते. एजन्सीच्या चालकाला एकाच ठिकाणी १२ आठवडे पूर्ण झाल्यावर तिथल्या कायम कामगाराइतका मूळ दर मिळण्याचा हक्क असतो. २०२१ साली चालकांची टंचाई झाली तेव्हा टेस्कोने नव्या चालकांना १,००० पौंड जॉइनिंग बोनस देऊ केला होता. असा बोनस एकदाच हाती येतो, पिंजरे रोज असतात. दर सारखा असेल तर स्टोअरचे काम प्रत्यक्षात स्वस्तात केले जाते, असे माझे मत आहे. निदान पाळीमागे वेगळा भत्ता आहे का, हे विचारायला संकोच करू नये.

भारतातून पाहणाऱ्यांसाठी एक गोष्ट स्पष्ट करणे भाग आहे. भारतीय लायसन्सवर ब्रिटनमध्ये राहायला आल्यापासून १२ महिने लहान गाडी चालवता येते, लॉरी नाही, आणि ते लायसन्स ब्रिटिश लायसन्समध्ये बदलूनही मिळत नाही. वैद्यकीय तपासणी, लेखी परीक्षा, रस्त्यावरची परीक्षा आणि सीपीसी (व्यावसायिक चालकाचे पात्रता प्रमाणपत्र) हे सगळे तिथेच करावे लागते, व पुढे दर पाच वर्षांत ३५ तासांचे प्रशिक्षण घ्यावे लागते. लॉरीचालकाच्या नोकरीवर स्किल्ड वर्कर व्हिसाही मिळत नाही. त्यामुळे हा विचार जोडीदाराच्या व्हिसावर किंवा कायम वास्तव्यावर तिथे आधीच असलेल्यांनी करायचा आहे, आणि कोणी दलाल नाशिकात किंवा पुण्यात बसून लॉरीची नोकरी व्हिसासह विकत असेल तर त्याच्याकडे पाठ फिरवावी.

मुलाखतीत 'काम कसे आहे' असे विचारल्यास 'चांगले आहे' हेच उत्तर मिळेल. त्यापेक्षा एका पाळीत किती दुकाने असतात, पिंजरे चालक उतरवतो की दुकानाची माणसे, ती उतरवत असतील तर तेवढा वेळ टॅकोग्राफवर पलंगाचा धरता येतो का आणि किती दुकानांना बे नाही, हे चार प्रश्न नेमके विचारावेत. शक्य झाले तर होकार देण्याआधी एका चालकासोबत बसून एक पाळी पाहू द्यावी, असेही सुचवावे. आणि करारात 'ट्रंकिंग, तसेच गरजेनुसार स्टोअर' अशी ओळ असेल, तर आपण स्टोअरची नोकरी घेत आहोत असे समजूनच सही करावी, कारण डिसेंबरात दुकानांची मागणी वाढली की 'गरजेनुसार' हा शब्द आधी लागू होतो आणि नाताळाच्या आदल्या आठवड्यात टर्कीचे पिंजरे ओढताना करारातल्या पहिल्या शब्दाचा काही उपयोग होत नाही.