बुद्धीचा दरबार आणि मेंदूतल्या तीन खोल्या

जुन्या इंग्रज कवींना बुद्धी ही मनाची राज्यकर्ती आणि भावना ही तिची बंडखोर प्रजा वाटायची. पण ती सुखाने राज्य करताना त्यांच्या कवितेत क्वचितच दिसते. जॉन डनच्या १६३३ साली छापलेल्या एका सुनीतात ती देवाने नेमलेली सुभेदार आहे, आणि शहर राखायचं सोडून स्वतःच शत्रूच्या कैदेत पडली आहे. कदाचित फितूरही झाली असेल, असा कवीला संशय.

सगळ्यात रंगतदार दरबार एडमंड स्पेन्सरचा. १५९० साली प्रसिद्ध झालेल्या 'द फेअरी क्वीन'च्या भागात माणसाचं शरीर म्हणजे एक गढी आणि आत्मा तिची राणी. वरच्या बुरुजात, म्हणजे डोक्यात, तिचे तीन सल्लागार राहतात. पुढच्या खोलीत कल्पना. तिथे माश्या नुसत्या घोंगावताहेत. मधल्या खोलीत प्रौढ विवेक, भोवती भिंतींवर न्यायनिवाड्यांची चित्रं. मागच्या खोलीत म्हातारी स्मृती, कसर लागलेली बाडं आणि ती शोधून द्यायला एक पोरगा.

माश्या स्पेन्सरच्या, पण खोल्या वैद्यकातून आलेल्या. मेंदूत द्रवाने भरलेल्या पोकळ्या असतात. कल्पना पुढच्या पोकळीत, विचार मधल्या, स्मृती मागच्या, अशी वाटणी चौथ्या शतकाच्या सुमारास नेमेसियस या ख्रिस्ती बिशपने मांडली आणि ती हजारभर वर्षं टिकली. १५४३ मध्ये शरीररचनातज्ज्ञ व्हेसेलियसने शंका काढली: मेंढ्या-गाईंच्या मेंदूतही अशाच पोकळ्या आहेत, मग माणसाचीच बुद्धी तिथे कशी? स्पेन्सरने तिकडे लक्ष दिलं नाही. कवितेचं त्यात भलंच झालं म्हणायचं.

मिल्टनच्या 'पॅरडाइज लॉस्ट'मध्ये (१६६७) ईव्हला वाईट स्वप्न पडतं. आदम समजावतो, की झोपेत बुद्धी आपल्या खोलीत निघून जाते आणि मागे उरलेली कल्पना तिची नक्कल करत भलतेसलते तुकडे जोडते. १९९०च्या दशकात मेंदूच्या पेट स्कॅनमध्ये (कोणता भाग किती काम करतोय ते दाखवणाऱ्या तपासणीत) जे दिसलं ते याच्या बरंच जवळ जाणारं होतं. स्वप्नं भरपूर पडतात त्या झोपेत कपाळामागचा, नियोजनाशी जोडलेला भाग मंदावतो आणि भावनांशी संबंधित अमिग्डाला जोरात असतो.

मात्र भावना म्हणजे बंडखोर प्रजा, हे कवींचं गृहीत टिकत नाही. कपाळामागच्या खालच्या भागाला इजा झालेले काही रुग्ण बुद्धिमापन चाचण्यांत उत्तम गुण मिळवतात, पण त्यांच्या भावना बोथट झालेल्या असतात. पुढच्या भेटीसाठी दोनपैकी कोणती तारीख घ्यावी यावर असा एक रुग्ण जवळजवळ अर्धा तास खल करत बसला, असं मेंदूतज्ज्ञ अँटोनिओ दमासिओ यांनी नोंदवलं आहे. शेवटी तारीख डॉक्टरांनीच सुचवली, आणि त्याने ती लगेच मान्य केली.