आमवातातील रक्तवाहिनीदाह

आमवातातील रक्तवाहिनीदाह : आमवात (ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस) जुना झाल्यावर लहान व मध्यम रक्तवाहिन्यांच्या भिंतींना येणारी सूज. आमवात सुरू होऊन बहुधा १० वर्षे उलटल्यावर ती उद्भवते. चकवा असा की तोवर सांधे पुष्कळदा शांत झालेले असतात. बोटे वाकडी झाली तरी ठणका थांबलेला असतो आणि रुग्ण निर्धास्त असतो. रक्तातील ऱ्हुमॅटॉइड फॅक्टर (आमवातात आढळणारे प्रतिपिंड) बराच वाढलेला असणे, कोपराजवळ गाठी आणि धूम्रपान या धोका वाढवणाऱ्या गोष्टी.

वाहिनी आतून अरुंद झाली की तिच्यावर पोसलेला भाग उपाशी पडतो. कोणता भाग, यावर उपचार ठरतात. नखांच्या कडेला नुसते तपकिरी ठिपके असतील, तर आमवाताचे नेहमीचे औषध नीट बसवणे बहुधा पुरते. पण पाऊल वर उचलेनासे होऊन चप्पल निसटू लागली, बोट काळे पडले, घोट्याजवळ खोल व्रण झाला किंवा डोळा लाल होऊन ठणकू लागला, तर दिरंगाई महागात पडते. उपाशी राहिलेला मज्जातंतू पूर्ववत होईलच असे नाही. तपासणीसाठी त्वचेचा किंवा मज्जातंतूचा तुकडा काढतात. हेपटायटिस सीमुळेही हुबेहूब असेच चित्र उभे राहते, म्हणून तो नाही ना हे आधी पाहावे लागते.

गंभीर आजारात सहसा ३ दिवस मेथिलप्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड शिरेतून देतात, मग प्रेडनिसोलोनच्या गोळ्या सुरू करून मात्रा काही महिन्यांत हळूहळू उतरवतात. रुग्णाने त्या मनाने बंद करू नयेत. जोडीला प्रतिकारशक्ती दाबणारे सायक्लोफॉस्फामाइड असते. ते प्रभावी, पण कठोर औषध आहे : मूत्राशयातून रक्तस्राव होऊ शकतो, प्रजननक्षमता घटते. त्यामुळे अलीकडे अनेक डॉक्टर बी पेशी (प्रतिपिंडे बनवणाऱ्या पांढऱ्या पेशी) नष्ट करणाऱ्या रिटुक्सिमॅबकडे वळतात. त्याची भारतीय आवृत्ती हैदराबादच्या डॉ. रेड्डीज कंपनीने २००७ मध्ये बाजारात आणली. रिटुक्सिमॅब देण्यापूर्वी हेपटायटिस बीची तपासणी अटळ, कारण दबलेला विषाणू उसळू शकतो. टीएनएफरोधक (दाह वाढवणाऱ्या टीएनएफ या प्रथिनाला रोखणाऱ्या) औषधांचा अनुभव दुहेरी आहे. काहींचा दाह त्यांनी शमतो, तर काहींना तो त्यांच्यामुळेच सुरू होतो. शिवाय सुप्त क्षयही त्यांनी जागा होतो, आणि भारतात ही भीती कागदी नाही.

रुग्ण थोडे असल्याने मोठ्या तुलनात्मक चाचण्या झालेल्या नाहीत. निवड बरीचशी अनुभवावर चालते. व्रणाची मलमपट्टी, जंतुसंसर्गावर लक्ष आणि सिगारेट सोडणे ही कामे औषधांइतकीच महत्त्वाची. मेथोट्रेक्सेट हे आमवाताचे नेहमीचे औषध वेळीच सुरू करण्याचा प्रघात पडल्यापासून हा आजार पूर्वीपेक्षा विरळ झाला आहे.